हार्ड डिस्क ते एसएसडी : जुन्या डेस्कटॉपची रखडपट्टी

जुना डेस्कटॉप रखडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचा प्रोसेसर रिकामाच असतो. हार्ड डिस्ककडून माहिती यायची तो वाट पाहत असतो. ही ताटकळ हार्ड डिस्कच्या जन्मापासूनची आहे.

कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने घडवलेली पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये ‘रॅमॅक’ संगणकासोबत आणली. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एकाच दांड्यावर मिनिटाला १,२०० फेरे घेत. साठवण ५० लाख अक्षरांची, म्हणजे आजच्या हिशेबाने पावणेचार मेगाबाइट. हवी ती नोंद सरासरी ०.६ सेकंदात सापडे. चुंबकीय फितीवर तीच नोंद गाठायला फीत गुंडाळत बसावे लागे, त्यामुळे हा वेग त्या काळी अपूर्वच होता.

सीगेटची ५ मेगाबाइटची सव्वापाच इंची डिस्क १९८० ची. १९८३ मध्ये आयबीएम पीसी एक्सटीबरोबर १० मेगाबाइटची हार्ड डिस्क टेबलावर आली. २००७ मध्ये हिताचीने एक टेराबाइटची डिस्क काढली. रॅमॅकच्या अडीच लाख पटींहून अधिक साठवण. शोधाचा वेळ मात्र या पन्नास वर्षांत जेमतेम पन्नासपट घटला, आणि जुन्या संगणकाचे सगळे दुखणे या तफावतीत आहे.

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा माहिती वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी त्याच्या निम्मा वेळ जातो आणि हेड योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. त्यामुळे विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला ऐंशीच्या आसपासच वाचने होतात. विंडोज सुरू होताना असंख्य लहान फाइली अशाच ठिकठिकाणांहून उचलाव्या लागतात. तेव्हा कॅबिनेटमधून येणारी कटकट म्हणजे हेडची धावपळ. डीफ्रॅगमेंटेशनने फाइलींचे तुकडे सलग लागतात, पण हेडची धावपळ काही थांबत नाही.

यावरचा खरा तोडगा जपानमधून आला. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी मांडली. तिचा अधिक दाट असा नँड प्रकार १९८७ चा. वीज गेली तरी माहिती टिकते आणि फिरणारा भाग एकही नाही. किंमत मात्र आवाक्याबाहेरची: १९९१ मधली सनडिस्कची २० मेगाबाइटची एसएसडी, म्हणजे फ्लॅश मेमरीची डिस्क, सुमारे हजार डॉलरची होती. घरगुती ग्राहकांसाठी चित्र पालटले ते २००८ मध्ये. इंटेलच्या एक्स२५-एम या एसएसडीची विखुरलेली वाचने सेकंदाला ३५,००० पर्यंत जात.

ही अडीच इंची एसएसडी साध्या साटा जोडणीवर चाले, म्हणून संगणक न बदलता नुसती डिस्क बदलणे शक्य झाले. जुन्या डिस्कचे क्लोनिंग करायचे, साडेतीन इंची खणात ब्रॅकेट लावून एसएसडी बसवायची, डेटा आणि पॉवरच्या दोन केबल जोडायच्या. जुनी डिस्क धड असेल तर फोटो-चित्रफितींसाठी तशीच ठेवता येते. एसएसडीला डीफ्रॅगमेंटेशनची गरज नसते. उलट वारंवारच्या लेखनाने तिची झीज होते.

२००९ पूर्वीच्या मदरबोर्डवर साटाचा वेग सेकंदाला ३०० मेगाबाइटपर्यंतच, नंतरच्या जोडणीच्या निम्मा असतो. तरी विंडोज सुरू होण्यातला फरक ठळक जाणवतो, कारण हेडची वाटच उरत नाही. त्याहून वेगवान एनव्हीएमई पद्धत २०११ मध्ये ठरली, पण तिच्यासाठी लागणारा एम.२ स्लॉट जुन्या मदरबोर्डवर नसतो; तिथे आजही अडीच इंची साटा एसएसडीच बसवतात.