भरतपूरच्या म्हशी

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आम्ही मंडळाच्या चौदाजणी बेळगावहून श्री महावीरजींच्या यात्रेला गेलो होतो. गाडीत वेळ भरपूर. मी पर्समधून एक अर्ज काढला आणि सह्या गोळा करायला लागले. माझ्या माहेरच्या गावी बस्तीच्या मागे एक तळं आहे. हिवाळ्यात तिथं बदकं उतरतात, काठच्या बाभळींवर बगळे बसतात. पण दिवसभर तळ्यात म्हशी डुंबत असतात, बाया गवत कापत असतात. तळ्याला कुंपण घालावं, गुरं-माणसं सगळी बंद करावीत, म्हणजे पक्षी निवांत राहतील, असा तो ग्रामपंचायतीला लिहिलेला अर्ज. बाराजणींनी लगेच सह्या केल्या. आमच्यातल्या थोरल्या अक्का तेवढ्या म्हणाल्या, "माझ्या भावाच्या चार म्हशी त्याच तळ्यात जातात गं. त्यानं त्या कुठं न्यायच्या?"

"अक्का, जीवदयेचं काम आहे," मी म्हटलं. त्या गप्प बसल्या, पण सही काही केली नाही.

महावीरजींचं दर्शन झालं. मंदिर गंभीर नदीच्या काठी आहे. चैत्रात रथ याच नदीवर नेतात. आम्ही गेलो तेव्हा नदी कसली, नुसती वाळू. परतीच्या गाडीला एक दिवस अवकाश होता आणि भरतपूर रेल्वेनं जवळ, म्हणून पक्षी बघायला निघालो.

भरतपूरच्या त्या अरण्याला तिथले लोक 'घना' म्हणतात. आत केवलादेव म्हणजे शंकराचं देऊळ आहे, त्यावरून उद्यानाचं नाव केवलादेव. क्षेत्रफळ जेमतेम २९ चौरस किलोमीटर, पण साडेतीनशेहून जास्त जातींचे पक्षी तिथं नोंदले गेले आहेत. आत सायकलरिक्षानं फिरायचं. रिक्षावालाच पक्षी दाखवतो, नावं सांगतो. पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी होती, पिल्लं चोची वर करून ओरडत होती. एका पाणकावळ्यानं आमच्यासमोरच मासा गिळला, तशी दोघीतिघींनी तोंडं फिरवली. मी मात्र रिक्षावाल्याला म्हटलं, "किती शांत ठेवलंय तुम्ही सगळं! गुरं नाहीत, ढोरं नाहीत."

तो म्हणाला, "ताई, आमच्या वडिलांच्या म्हशी इथंच चरायच्या. मग बंदी आली, गोळ्या चालल्या. आणि पुढं साहेबलोकच म्हणाले की म्हशी असत्या तर बरं होतं."

हे ऐकून मला गप्प बसवेना. घरी आल्यावर मुलीकडून पुस्तकं, लेख मागवले आणि सवडीनं वाचत गेले. मैत्रिणींनो, तीच हकिकत इथं सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे हे पाणथळ निसर्गानं आयतं दिलेलं नाही. भरतपूरचा राजा सूरजमल यानं अठराव्या शतकात अजान बांध घातला. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पुराचं पाणी त्यात अडतं आणि तिथून घनाच्या खोलगट जमिनीत सोडलं जातं. पुढच्या राजांनी पाट आणि दरवाजे बांधून ही व्यवस्था पक्की केली, ती पाहुण्यांना बदकांची शिकार करता यावी म्हणून. १९०२ साली लॉर्ड कर्झनच्या वेळेपासून मोठ्या शिकारी सुरू झाल्या. कोणत्या दिवशी किती पक्षी मारले, हे देवळाजवळच्या दगडी फलकांवर कोरून ठेवलं आहे. आम्ही ते फलक वाचले. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसाचा आकडा आहे ४,२७३. व्हाइसरॉय लिनलिथगो पाहुणे होते. आमच्यातली एकजण तिथंच डोळे मिटून णमोकार म्हणायला लागली.

त्याच १२ नोव्हेंबरला मुंबईचे सलीम अली बेचाळीस वर्षांचे झाले होते. लहानपणी त्यांनीही छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारल्या होत्या. अशाच एका वेगळ्या दिसणाऱ्या चिमणीची जात विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पुढचं सारं आयुष्य पक्ष्यांचं झालं. स्वातंत्र्यानंतर घना कोरडा करून शेतीला द्यावा अशी मागणी झाली, तेव्हा तो वाचावा म्हणून त्यांनी पंडित नेहरूंपर्यंत धाव घेतली. १९५६ साली अभयारण्य झालं. तरी माजी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत चालूच होता.

साठच्या दशकात सोसायटीच्या लोकांनी इथं पक्षी पकडून त्यांच्या पायांत कडी घालायला सुरुवात केली. कड्यावर नंबर आणि 'मुंबईला कळवा' अशा अर्थाचा मजकूर. पक्षी पकडायला बिहारचे मीरशिकार आणले. पिढ्यान् पिढ्या पक्षी पकडून विकणारे ते लोक आता पकडत होते ते सोडून देण्यासाठी. दूर कुठं ते कडं सापडलं की मुंबईला पत्र यायचं आणि पाहुणा कुठून आला होता ते कळायचं.

आता म्हशींकडे येते. १९८१ साली घनाला आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळालं आणि त्याच सुमारास तो राष्ट्रीय उद्यान झाला. कायद्यानं राष्ट्रीय उद्यानात चराई चालत नाही. गुरांमुळे पक्ष्यांना त्रास होतो, ती बाहेर ठेवावीत, असंच सलीम अलींसारख्या जाणकारांचंही मत होतं. नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई एकदम बंद केली. भोवतीच्या गावांची शेकडो जनावरं पिढ्यान् पिढ्या तिथं चरत होती. दुसरी सोय काही केलेली नव्हती. गावकरी चिडले, पोलिसांशी चकमक झाली, गोळीबार झाला, माणसं मेली. पक्ष्यांच्या रक्षणासाठी माणसांचे जीव गेले, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या अर्जातही 'गुरं-माणसं सगळी बंद' हेच शब्द होते.

बंदीच्या दोन वर्षं आधीच, १९८० मध्ये, सोसायटीनं घनाचा अभ्यास सुरू केला होता. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तरुण संशोधक तिथं दहा वर्षं राहिले. काम अगदी रोजचं, कंटाळवाणं. पाणी किती खोल आहे ते मोजायचं, कुठल्या चौकोनात कुठलं गवत किती वाढलं ते लिहायचं, मासे कुठले आणि किती ते बघायचं, घरटी मोजायची, पिल्लांना काय भरवतात ते टिपायचं. आधीपासून सुरुवात केल्यामुळे म्हशी असतानाची आणि नसतानाची, अशा दोन्ही वेळच्या नोंदी त्यांच्या हाती आल्या.

आणि नोंदींतून निघालं ते भलतंच. म्हशी पाण्यात उभ्या राहून जे गवत खायच्या, ते आता कोणी खात नव्हतं. पॅस्पॅलम नावाचं ते गवत माजलं आणि उघडं पाणी झाकत चाललं. उघडं पाणी कमी झालं की बदकांना पोहायला जागा उरत नाही. कुजलेलं गवत तळाशी साचतं, तळं उथळ होतं, माशांनाही ते मानवत नाही. आणि मासे कमी झाले की चित्रबलाक, पाणकावळे, बगळे यांनी पिल्लांना काय भरवायचं? म्हशी नुसत्या चरत नव्हत्या, त्या तळं राखत होत्या. संशोधकांनी अखेरच्या अहवालात तसं स्पष्ट लिहिलं. ज्या बंदीला त्यांच्याच संस्थेचा पाठिंबा होता, तिच्याविरुद्ध लिहिलं.

मला यातलं हेच मोठं वाटतं. आपलं मत चुकलं हे घरातल्या घरात कबूल करायलाही आपल्याला जड जातं. इथं तर गोळीबार होऊन गेला होता. दहा वर्षांच्या वह्या बाजूला ठेवून 'गुरं वाईटच' म्हणत राहणं सोपं होतं. अहवाल आला तो उशिरा, गेलेली माणसं काही त्यानं परत आली नाहीत. पण पुढं गावकऱ्यांना परवान्यावर आत येऊन गवत कापायची मुभा मिळाली, ती त्यांच्यावर उपकार म्हणून नव्हे. गवत निघणं ही तळ्याचीच गरज होती.

माशांची आणखी एक गोष्ट. घनात माशांची पिल्लं मुख्यतः पुराच्या पाण्याबरोबर येतात. पावसाळ्यात अजान बांधाचं पाणी आत आलं की त्याबरोबर मासे येतात आणि ते बघूनच जणू चित्रबलाक घरटी बांधायला घेतात. पाणी आलं नाही त्या वर्षी घरटी नाहीत. या शतकाच्या सुरुवातीला नेमकं तेच झालं. गंभीर नदीवर वरच्या अंगाला करौलीजवळ पांचना धरण आहे. तिथलं पाणी खाली सोडायचं की नाही यावरून वाद झाला. करौलीच्या शेतकऱ्यांनाही पाणी हवंच होतं. घना कोरडा पडला. नंतर दुसरीकडून पाइपलाइननं पाणी आणलं, पण नळाच्या पाण्याला पुराच्या पाण्याची सर नाही. महावीरजींना मी जी वाळू पाहिली, तीच ती गंभीर. एकाच नदीच्या काठावर आम्ही आदल्या दिवशी हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी पक्षी पाहिले, आणि दोन्हींचा संबंध आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हता.

माझी आजी पाणी गाळून झालं की गाळण्यातलं जीवाणी पुन्हा त्याच विहिरीत हलक्या हातानं सोडायची. शेजारची विहीर जवळ असली तरी तिथं नाही. "ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात," म्हणायची. लहानपणी मला तो सोवळ्याचा प्रकार वाटे. आता वाटतं, आजीला एवढं पक्कं माहीत होतं की नुसता हात आखडून जीव वाचत नाही. तो कुठला, त्याला काय लागतं, हे आधी माहीत करून घ्यावं लागतं. आणि ते करताना पाणकावळ्याच्या चोचीतल्या माशाकडेही तोंड न फिरवता बघावं लागतं.

माझा अर्ज मी दिला नाही. सह्या केलेल्या बाराजणींना फोन करून कारण सांगितलं. दोघी थोड्या रागावल्या. त्याऐवजी एक वही घातली आहे. माहेरी भाचीच्या ताब्यात दिली. दर पौर्णिमेला तळ्याचं पाणी पायरीपासून किती खाली आहे, कोणते पक्षी आहेत, किती म्हशी उतरतात, गवत कुठवर आलंय, हे ती लिहिते. पक्ष्यांची नावं मात्र तिला अक्कांचा भाऊच सांगतो. चाळीस वर्षं म्हशी घेऊन तो त्या तळ्यावर बसतो आहे. त्याला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं, आणि त्यात मीही आलेच.