नाडीपासून मोबाईलपर्यंत : हृदयाची खबर काढण्याचा इतिहास

गेल्या वर्षी आरतीनंतर प्रसादवाटप चालू असताना मंडळातल्या एका मुलाने मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवायला लावून सगळ्यांचे ठोके मोजून दाखवले. एका काकांचे ७८ आले. “चला, म्हणजे छातीत जळजळतं ते पित्तच!” असे म्हणून काका निर्धास्त झाले. सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. आमच्या वडिलांनीही असेच ‘पित्त आहे’ म्हणत एक रात्र काढली होती. सकाळी ई.सी.जी. निघाला, तेव्हा झटका येऊन कित्येक तास उलटले होते.

शरीराला न कापता, न टोचता आतल्या हृदयाची खबर काढायची धडपड फार जुनी आहे. बुऱ्हाणपूरकरांना ती समजावून सांगायला कुंडी भंडारा पुरेसा आहे. जमीन न खोदता, एखाद्या कुंडीत डोकावले की खालून पाणी वाहते आहे की नाही ते कळते. वैद्य मनगटावर तीन बोटे ठेवून हेच करतात. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या चालीला साप, बेडूक, हंस यांच्या चालीची उपमा दिली आहे. हकिमांच्या परंपरेत इब्न सिनाच्या ‘कानून’ ग्रंथात ‘नब्ज’चे सविस्तर विवेचन आहे. आयुर्वेद आणि युनानी या दोन्ही शास्त्रांची महाविद्यालये आपल्या एकाच शहरात आहेत, हे आपले भाग्यच.

पण नाडी ओळखणे हे ज्याच्या त्याच्या बोटांचे कसब होते. ते आकड्यात आणायचा प्रयत्न इंग्लंडच्या जॉन फ्लॉयरने केला. नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारे खास घड्याळ वापरून त्याने १७०७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. १८१६ मध्ये फ्रान्सच्या लाएनेकने कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला.

खरी क्रांती केली हॉलंडच्या विलेम आइंथोव्हेनने. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे विजेची सूक्ष्म लहर असते. ती स्पष्टपणे टिपणारे यंत्र त्याने विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केले. त्याचे वजन सुमारे २७० किलो होते! ते रुग्णालयात हलवणे शक्य नव्हते आणि रुग्णाला प्रयोगशाळेत आणणे कठीण होते. तेव्हा १९०५ मध्ये त्याने दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेवरून ही लहर प्रयोगशाळेत आणली. म्हणजे हृदयाची नोंद फोनवरून पाठवण्याची कल्पना सव्वाशे वर्षांच्या घरातली आहे. १९२४ मध्ये आइंथोव्हेनला नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी वाट प्रकाशाची. ठोक्यागणिक बोटात रक्त भरते आणि ओसरते, तसा त्यात शोषला जाणारा प्रकाश कमी-जास्त होतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत ॲल्रिक हर्ट्झमन यांनी या तत्त्वाचा अभ्यास केला. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात त्यावरच पल्स ऑक्सिमीटरची कल्पना उभी केली. करोनाच्या काळात बोटाला लावायचे जे चिमट्यासारखे यंत्र घरोघर आले, ते हेच. मोबाईलचा दिवा आणि कॅमेरा मिळून नाडी मोजतात, तीही याच तत्त्वावर.

या दोन वाटांतला फरक ध्यानात ठेवायला हवा. प्रकाशाने ठोक्यांची संख्या आणि लय कळते. लय बिघडली असेल तर हे उपयोगी पडते, कारण अशा काही बिघाडांत रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो. अमेरिकेत चार लाखांहून अधिक लोकांवर घड्याळाच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे अर्धा टक्का लोकांना अनियमित नाडीचा इशारा मिळाला. परंतु हृदयाची रक्तवाहिनी तुंबली आहे का, हे ठोक्यांच्या आकड्यावरून कळत नाही. झटका येत असतानाही ७८ ठोके पडू शकतात.

त्यासाठी विजेची वाट, म्हणजे पूर्ण बारा लीडचा ई.सी.जी.च हवा. इथे आपल्या मुंबईचे योगदान मोलाचे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने तळहातावर मावणारे टेलि-ई.सी.जी. यंत्र विकसित केले. ते मोबाईलला जोडून नोंद दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवता येते. अडीच-पावणेतीनशे किलोचे यंत्र तळहातावर आले, तारेची जागा मोबाईलने घेतली; पण दुसऱ्या टोकाला नोंद वाचणारा जाणकार तेव्हाही लागत होता आणि आजही लागतो. इंदूर किंवा जळगाव गाठायला आपल्याला काही तास लागतात. गावातच वेळेवर ई.सी.जी. निघाला आणि तो तज्ज्ञाने पाहिला, तर पुढचा बराच वेळ वाचतो. कधी पहिला ई.सी.जी. चांगला येतो, तरी दुखणे थांबत नसेल तर तो पुन्हा काढावा लागतो, रक्तही तपासावे लागते.

म्हणून मंडळातल्या ज्येष्ठांना आणि त्यांच्या मुला-सुनांना एकच विनंती. मोबाईलवर ठोके अवश्य मोजा, अनियमित आले तर डॉक्टरांना दाखवा. पण छातीत दडपण, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप असे काही झाले तर आकडा पाहत बसू नका. १०८ ला फोन लावा. त्या काकांना मी दुसऱ्याच दिवशी हट्टाने ई.सी.जी. काढायला नेले. तो चांगला निघाला, डॉक्टरांनीही पित्तच आहे म्हणून सांगितले. यंदाच्या आरतीलाही ते पुढेच उभे आहेत. आमच्या वडिलांच्या वेळी असा हट्ट कोणी धरला नव्हता.

गणपती बाप्पा मोरया!