बरणीतला समुद्र: घरच्या प्रवाळ-मत्स्यालयाच्या गाळणीची पावणेदोनशे वर्षे

घरातल्या काचपेटीत जिवंत प्रवाळ सांभाळणाऱ्यास कधी ना कधी पेटी मोठी करण्याचा मोह होतो. दोनशे लिटरची जागा पाचशे लिटरची पेटी घेते. सुताराकडून भक्कम चौरंग करून घेतला जातो, दिवे मागवले जातात; आणि मग ध्यानात येते की खरा खर्च, खरी जोखीम आणि खरी डोकेदुखी पेटीखालच्या कपाटात आहे. तिथली गाळणी चुकली तर वरचे सारे वैभव एका आठवड्यात पांढरे पडते. या कपाटातल्या प्रत्येक वस्तूमागे कुणाची तरी फसलेली पेटी आहे. आजचा हा दीर्घ थ्रेड त्या कपाटाच्या इतिहासाविषयी.

आरंभ १८४६ सालच्या इंग्लंडमध्ये होतो. ॲना थिन या बाई वेस्टमिन्स्टर ॲबीच्या उपअधिष्ठात्याच्या पत्नी. टॉर्कीच्या किनाऱ्यावर त्यांना खडकाला चिकटलेले लहान, पेल्याच्या आकाराचे प्रवाळ दिसले. ते लंडनला जिवंत नेण्याचा त्यांनी चंगच बांधला. प्रवासात प्रवाळ एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांनी सुईदोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजाला टाके घालून बांधले आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीत ठेवले.

लंडनला समुद्र नाही. ताजे पाणी वरचेवर मागवणे अवघड होते. तेव्हा ॲनाबाईंनी उपाय काढला तो असा: उघड्या खिडकीपाशी उभे राहून बरणीतले पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम घरातली एक मोलकरीण करत असे. रोज अर्धा ते पाऊण तास! आज आपण ज्यास ‘एअर पंप’ म्हणतो त्याचा पहिला अवतार म्हणजे या मुलीचे दोन हात. तिचे नाव इतिहासाने नोंदवून ठेवलेले नाही. बाईंचे मात्र ठेवले आहे. पुढच्या वर्षी त्यांनी त्या पाण्यात समुद्री वनस्पतीही सोडल्या. प्रवाळ जगले, त्यांना पिल्लेही झाली. बाईंची ही निरीक्षणे १८५९ साली प्रसिद्ध झाली. तोवर श्रेयाचा मान दुसऱ्यांकडे गेला होता.

त्या दुसऱ्यांपैकी एक रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन. त्यांनी लंडनमध्ये एका भांड्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. काही काळाने जुनी पाने कुजू लागली, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टन यांनी गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजका भाग फस्त केला आणि पाणी पुन्हा नितळ झाले. १८५० साली त्यांनी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. मासा कर्बवायू सोडतो, वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाय सफाई करते, हिशेब पूर्ण. ‘समतोल मत्स्यालय’ ही कल्पना येथून रूढ झाली.

हिशेब मात्र पूर्ण नव्हता. वॉरिंग्टन वायूंचा जमाखर्च मांडत होते. मासा कल्ल्यांतून जो अमोनिया सोडतो तो त्या जमाखर्चात कुठेच नव्हता.

पण फॅशनला एवढा धीर नसतो. १८४५ साली इंग्लंडमध्ये काचेवरचा कर उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. रेल्वेमुळे किनाऱ्यावरचे जीव दुसऱ्या दिवशी लंडनच्या दुकानात मिळू लागले. १८५३ साली रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोचवला. गॉस यांनी कृत्रिम समुद्रजलाची कृतीही छापली. लोक बादल्या घेऊन किनाऱ्यांवर तुटून पडले. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ साली आपल्या आत्मकथनात खंत नोंदवली आहे ती याचीच: वडिलांनी ज्या खडकांतल्या डबक्यांवर प्रेम करायला शिकवले, ती डबकी त्याच प्रेमाने लुटली गेली.

आणि घरी नेलेले बहुतेक जीव मरत. पाणी गढूळ होई, वास येई, पेटी माळ्यावर जाई.

या पडझडीतून शहाणपण काढणारा माणूस म्हणजे विल्यम आल्फर्ड लॉइड. लंडनमध्ये मत्स्यालयाच्या साहित्याचा व्यापार करणारा हा गृहस्थ पुढे हॅम्बर्गचे आणि १८७१ साली क्रिस्टल पॅलेसचे मत्स्यालय उभारणारा ठरला. त्याची युक्ती ऐकायला साधी आहे. प्रेक्षकांना दिसणाऱ्या पेट्या लहान. त्यांच्या खाली, काळोखात, कितीतरी पट मोठा हौद. पाणी सतत पंपाने वर चढते, पेट्यांतून वाहते आणि पुन्हा हौदात उतरते. अंधारामुळे शेवाळ माजत नाही, पाणी थंड राहते, आणि एखादा जीव कुजला तरी घाण एवढ्या मोठ्या पाण्यात विरून जाते. आज प्रवाळपेटीखाली जो ‘सम्प’ असतो तो लॉइडच्या हौदाचाच धाकटा वंशज. पेटी वाढवताना अनुभवी लोक आधी सम्प मोठा करायला सांगतात, त्याचे कारण दीडशे वर्षे जुने आहे.

आता अमोनियाकडे वळू. येथे कथा मत्स्यालय सोडून गटारात उतरते, आणि माझ्या मते हाच या इतिहासाचा सर्वांत रंजक भाग आहे.

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ यांनी वाळू व खडूने भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले काही दिवस जसे वरून गेले तसेच खाली आले. सुमारे वीस दिवसांनंतर मात्र खालच्या पाण्यात अमोनिया उरला नाही. त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया थांबली. म्हणजे हे काम वाळूचे नव्हते, वाळूवर वस्ती केलेल्या जिवांचे होते. नवी पेटी पाण्याने भरल्यावर मासे सोडण्यापूर्वी काही आठवडे थांबा असे जे सांगतात, ते ‘काही आठवडे’ म्हणजे हेच वीस दिवस.

हे वाचून इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात एका रसायनशास्त्रज्ञाने पुढचे प्रयोग हाती घेतले. त्याने दाखवले की हे परिवर्तन दोन टप्प्यांत होते: आधी अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन्ही टप्पे वेगवेगळे जीव पार पाडतात. त्याचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. होय, त्याच वॉरिंग्टन यांचा मुलगा, नावही तेच. बापाच्या भांड्यात जे अदृश्यपणे चालले होते आणि ज्याचा बापाला पत्ता नव्हता, ते मुलाने शेतातल्या मातीत शोधून काढले. ते जिवाणू वेगळे करून वाढवणे मात्र त्यालाही साधले नाही. ते यश १८९० साली झुरिकमध्ये सेर्गेई विनोग्राद्स्की यांना मिळाले.

मत्स्यालयवाल्यांनी या शोधाचा पुरता उपयोग करायला आणखी अर्धे शतक लावले. विसाव्या शतकाच्या मध्यास तळाच्या वाळूखालून पाणी ओढणारी गाळणी आली, तिने समुद्री मासे घरात जगू लागले. प्रवाळ नाहीत.

कारण उष्ण कटिबंधातील प्रवाळाची गरजच निराळी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पोसते. त्यामुळे त्याला लख्ख ऊन हवे, पण पाणी जवळजवळ उपाशी हवे. नायट्रेट माशाला फारसे बाधत नाही. प्रवाळपेटीत मात्र ते साचले की बाहेरचे शेवाळ माजते आणि प्रवाळ गुदमरतो.

१९६१ साली एका अमेरिकी मासिकात जकार्त्याच्या ली चिन एंग यांचा लेख आला. त्यांच्या पेटीत गाळणी नव्हतीच. होते ते समुद्रातून आणलेले जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे. प्रवाळ मजेत होते. युरोप-अमेरिकेत अनेकांनी ही नक्कल करून पाहिली आणि पस्तावले. समुद्र जकार्त्याच्या दाराशी होता, त्यांच्याकडे खडक पोचेपर्यंत त्यातले निम्मे जीव मेलेले असत आणि पेटीत सडत. पण ली यांचे म्हणणे खरे होते. सच्छिद्र खडकाच्या पृष्ठभागावर अमोनिया फस्त करणारे जिवाणू असतात, आणि आत, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे, नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडणारे. गाळणी खडकातच होती.

मग दोन वाटा फुटल्या. एक डच. पाणी प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरून ठिबकवायचे, म्हणजे भरपूर हवा मिळून जिवाणू झपाट्याने काम करतात. १९८६ साली जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने ही पद्धत अमेरिकेत लोकप्रिय केली. पेट्या सुरुवातीला देखण्या दिसत. पण ही गाळणी अमोनिया जितक्या तडफेने संपवी तितक्याच तडफेने नायट्रेट साठवी. पुढे तिला नायट्रेटचा कारखाना हेच नाव पडले.

दुसरी वाट बर्लिनची. तिथल्या हौशी मंडळींनी प्रश्नच उलटा केला: घाण कुजून अमोनिया होण्याआधीच ती बाहेर का काढू नये? एका उभ्या नळीत बारीक बुडबुड्यांचा फेस करायचा. प्रथिने फेसाला चिकटतात, वर चढतात आणि पेल्यात सांडतात. हे प्रोटीन स्किमर जर्मनीत १९६० च्या दशकापासून वापरात होते. उसाच्या काहिलीवरची मळी काढताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे तत्त्व समजावून सांगायला नको. जोडीला जिवंत खडक, प्रखर दिवे, आणि पेटर विल्केन्स यांनी पुरस्कारलेली चुन्याची निवळी. शाळेत फुंकर मारून जी निवळी आपण दुधाळ केली, तीच थेंबथेंब पेटीत सोडायची, म्हणजे प्रवाळाला सांगाड्यासाठी कॅल्शियम मिळते.

परिणामी १९९० च्या दशकात असंख्य घरांत जी ‘सुधारणा’ झाली ती वस्तू काढून टाकण्याची होती. प्लॅस्टिकचे गोळे थोडेथोडे करून, आठवड्यांच्या अंतराने, उपसले गेले. एकदम उपसणाऱ्यांचे मासे मेले, कारण जिवाणूंची अर्धी वस्ती त्यांच्यासोबत कचऱ्यात गेली. आजही जुनी गाळणी नव्या पेटीशेजारी काही काळ चालू ठेवतात ती यासाठीच.

आता या छंदाची काळी बाजू, कारण ती टाळून हा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून मासे गुंगवून पकडण्यासाठी प्रवाळांवर सायनाइड फवारले गेले. १९८४ साली मोनाकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयी शैवालाचा सुमारे एक चौरस मीटरचा ठिपका आढळला. अलेक्सांद्र मेनेस यांनी ते संग्रहालयातूनच निसटल्याचे मांडले, संग्रहालयाने ते नाकारले, आणि वाद चालू असताना शैवाल भूमध्य समुद्रात पसरत राहिले. २००० साली ते कॅलिफोर्नियातल्या एका खाजणात उगवले. तिथे ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ते मारावे लागले; पुरते गेले असे जाहीर करायला २००६ उजाडले.

उजळ बाजूही त्याच बर्लिनची. तिथे डीट्रिख श्ट्यूबर यांच्या पेटीत ॲक्रोपोरा प्रवाळाची एक वसाहत इतकी वाढली की तिच्या फांद्या तोडून मित्रांना दिल्या जाऊ लागल्या, त्या मित्रांनी पुढे दिल्या. समुद्रातून काही न आणता प्रवाळ मिळू शकतो हे त्या फांद्यांनी सिद्ध केले.

भारतीय वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. २००१ साली खडकी प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये झाला, म्हणजे कायद्याच्या नजरेत ते वाघाच्या पंगतीत बसले. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलून घरच्या पेटीत ठेवणे हा गुन्हा आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याचे काम सुरू असताना, २०२० साली, वरळी आणि हाजी अलीजवळच्या खडकांवरचे प्रवाळ हलवावे लागले तेव्हा पालिकेलाही आधी वनखात्याची परवानगी काढावी लागली. मुंबईच्या गढूळ पाण्यात तग धरून राहिलेले ते लहानसे प्रवाळ छिन्नी-हातोड्याने सोडवून दुसऱ्या खडकांवर बसवण्यात आले.