विदूषक माशांतील रंगभेद
पाळीव विदूषक माशांत (क्लाउनफिश) ॲम्फिप्रिऑन ऑसेलॅरिस आणि ॲ. पर्क्युला या दोन जाती सर्वांत जास्त आढळतात. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे हे दोन्हींचे मूळ रूप; २००३ च्या ‘फाइंडिंग नेमो’ने तेच घरोघरी पोचवले. पिल्लू जन्मतः पट्टेरी नसते. रूपांतराच्या काळात पट्टे डोक्याकडून शेपटीकडे उमटत जातात. पांढरा हे रंगद्रव्यच नव्हे: तेथील पेशींतले सूक्ष्म स्फटिक प्रकाश परावर्तित करतात. पट्टे उमटण्याचा वेग थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असतो. पापुआ न्यू गिनीतील किंबे उपसागरात केलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका जातीच्या समुद्रफुलात वाढणाऱ्या पर्क्युला पिल्लांना दुसरीतल्यांपेक्षा पट्टे लवकर आल्याचे दिसले.

उत्तर ऑस्ट्रेलियातील डार्विन परिसरातले ऑसेलॅरिस नैसर्गिकरीत्याच काळे असतात. ‘स्नोफ्लेक’, ‘पिकासो’ हे प्रकार मात्र निवडक जोड्यांच्या पैदाशीतून टिकवलेले. स्नोफ्लेकचे पट्टे रुंद, कडा दातेरी. पिकासोत ते वेडेवाकडे जोडलेले, आणि माशाची डावी बाजू उजवीशी जुळेलच असे नाही. ही नावे व्यापाऱ्यांची. वर्गीकरणात त्यांना स्थान नाही, किमतीत मात्र भरपूर आहे.

नारिंगी छटेला खाद्याचाही हातभार लागतो. कॅरोटिनॉइडे माशाच्या शरीरात तयार होत नाहीत, ती अन्नातूनच मिळतात; म्हणून कोरड्या, निकृष्ट खाद्यावर वाढलेला मासा फिकट पडतो. विकत घेताना तो फिकेपणा दुर्मिळ वाण म्हणून गळ्यात पडू शकतो.