रोमचे देऊळ आणि वसईचा दगड



महोत्सवाच्या या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी समितीची आज्ञा झाली. उपदेश आपण दर रविवारी ऐकताच. म्हणून आज विद्यार्थिदशेतील एक कबुली आपणांपुढे ठेवितो.

उच्च शिक्षणासाठी रोम येथे असताना ख्रिस्तमंदिरे पाहत हिंडणे हा माझा छंदच होऊन बसला होता. त्यांतही येशूसंघाच्या ‘जेझू’ मंदिराने मनाला विशेष ओढ लाविली. कार्डिनल फार्नेझे यांच्या आश्रयाने १५६८ साली विन्योला याने ते बांधावयास घेतले, दर्शनी भाग देल्ला पोर्ता याने रचिला, आणि १५८४ साली मंदिराचे पवित्रीकरण झाले. ट्रेंटची धर्मपरिषद १५६३ साली नुकतीच संपली होती. वेदी सर्वांस दिसावी व प्रवचन सर्वांस ऐकू जावे, या हेतूने खांबांच्या रांगांचा अडथळा न ठेविता तेथे एकच प्रशस्त मंडप केला आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांचा उजवा हातही तेथेच जतन केलेला आहे.

एके दिवशी ही सारी माहिती मी एका इटालियन सहाध्यायास उत्साहाने सांगत होतो. त्याने सहज विचारिले, “तुमच्या गावचे येशूसंघाचे देऊळ कसे आहे?”

“पडके आहे,” मी म्हणालो.

“पडके, परंतु कसे?”

मजपाशी उत्तर नव्हते. ज्या किल्ल्यात बाळपणी शिदोऱ्या सोडल्या, तेथील दगडाकडे मी कधी डोळे उघडून पाहिलेच नव्हते!

स्वदेशी परतल्यावर प्रथम किल्ल्यात गेलो. येशूसंघाच्या देवळाचे छप्पर तेव्हा नव्हते. तथापि दर्शनी भिंत उभी आहे, आणि येशूनामाची अक्षरे दगडात कोरलेली आहेत. रोमची शिस्त येथे आपल्या दगडात उतरली होती. पुढे वाचनात आले की, गोव्यातील बॉम जेझूस मंदिराच्या दर्शनी भागासाठी वसईचा काळा दगड नेला होता. १६०५ साली पवित्रीकरण झालेल्या त्या मंदिरात आज संत झेवियर यांचा देह विसावला आहे. हात रोममध्ये, देह गोव्यात, आणि त्या देहावरील मंदिराचा मुखवटा आपल्या दगडाचा!

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने किल्ला सर केला. येथील काही घंटा हिंदू मंदिरांत गेल्या; नाशिकचे नारोशंकर व भीमाशंकर येथील घंटा त्यांपैकीच होत. त्याची मला खंत नाही. घंटा वाजते आहे, म्हणजे तिचे आयुष्य सरले नाही. खंत आहे ती आपल्याच विस्मृतीची.

आपल्या देवळाचा जुना दर्शनी भाग उतरवून नवा बांधावा, अशी सूचना समितीपुढे आहे. लोकवस्ती वाढली, जागा अपुरी पडते, हे मीही जाणतो. विरोधासाठी मी लिहीत नाही. विनंती एवढीच की, निर्णयापूर्वी प्रत्येक कुटुंबाने मुलाबाळांसह एकदा किल्ल्यात जावे, आणि परतल्यावर आपल्या देवळाच्या दारात घटकाभर उभे राहून वर पाहावे. उद्या कोणी आपल्या लेकरांस विचारील, “तुमचे देऊळ कसे होते?” तेव्हा त्यांजवर माझ्यासारखी गप्प राहण्याची पाळी न येवो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.