न पडतां मोडणारें हाड

हाड मोडलें म्हणजे कोठें तरी पडझड झाली असलीच पाहिजे, ही समजूत फार जुनी आहे. झाडावरून पडावें, घोड्यानें लाथ मारावी, ओल्या फरशीवर पाय घसरावा आणि मग हाड मोडावें, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा. पण कसलाहि आघात न होतां, साधी ठेंचहि न लागतां, केवळ चालून किंवा धांवून पायाचें हाड भंगलें, असें कोणी सांगितलें तर तें कोणास खरें वाटत नाहीं. या अविश्वासामुळेंच एक अगदीं सामान्य दुखापत वैद्यकाच्या दृष्टीआड दीर्घकाळ राहिली. तिचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

या दुखण्याची प्रसिद्ध अशी पहिली नोंद १८५५ सालीं प्रशियाच्या सैन्यांत झाली. ब्राइटहाउप्ट नांवाच्या सैनिकी वैद्याला असें दिसून आलें कीं, लांब पल्ल्याच्या कूचीनंतर तरुण शिपायांचीं पावलें सुजतात, दुखूं लागतात आणि चालणें कठीण होऊन बसतें. जखम नाहीं कीं मार नाहीं. मग दुखणें आलें कोठून? पावलांतील कंडरांच्या आवरणांस दाह झाला असावा, असें त्यानें अनुमान केलें. अनुमान चुकलें, पण निरीक्षण अचूक होतें. हाडाकडे त्याचें लक्ष गेलें नाहीं, यांत नवल नाहीं. जिवंत माणसाच्या कातडीआड डोकावण्याचें साधनच त्या काळीं नव्हतें.

तें साधन चाळीस वर्षांनीं हातीं आलें. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं वुर्त्सबुर्ग येथें राँटजेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला. पुढें दोनच वर्षांनीं, १८९७ सालीं, श्टेखो या सैनिकी डॉक्टरानें अशा सुजलेल्या पावलांचीं क्ष-किरण-चित्रें काढून दाखविलें कीं, दुखण्याचें मूळ कंडरेंत नसून बोटांमागच्या लांब हाडांत आहे. तीं हाडें खरोखरच भंगलेलीं होतीं. या विकारास पुढें ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणजे कूचीचा अस्थिभंग असें नांव पडलें. शिपायाची तक्रार खरी ठरली.

अशा शंकेस आणखी एका घटनेनें उत्तर मिळालें. लिव्हरपूलचे विख्यात अस्थिशल्यविशारद रॉबर्ट जोन्स हे एकदां नाचत असतां त्यांच्या पावलास दुखापत झाली. क्ष-किरणांनीं पाहिलें तेव्हां करंगळीमागचें हाड मोडलेलें आढळलें. कशाचाहि प्रत्यक्ष आघात न होतां नुसत्या मुरडण्यानें हें हाड मोडूं शकतें, हें त्यांनीं १९०२ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत आपल्या व इतर रुग्णांच्या उदाहरणांनीं सिद्ध केलें. हा भंग एका क्षणांत होतो आणि कूचीचा भंग सहस्र पावलांनीं हळूहळू होतो, एवढा भेद खरा. पण हाड मोडण्यास बाहेरचा तडाखा लागतोच असें नाहीं, हें दोहोंवरून ठरलें.

मग हाड मोडतें तरी कसें? हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. जसा भार पडेल तशी हाडाची घडण बदलते, हा सिद्धांत बर्लिनचे यूलियस वोल्फ यांनीं १८९२ सालीं ग्रंथरूपानें मांडला. घराची डागडुजी करणारा गवंडी आधीं जुनी भिंत पाडतो आणि मग नवी बांधतो. शरीरहि तसेंच करतें. थकलेलें हाड पोखरून काढण्याचें काम कांहीं आठवड्यांत उरकतें; नवें हाड भरून पक्कें होण्यास मात्र महिने लागतात. या मधल्या अवधींत भिंत कच्ची असते. धांवतांना दर पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीचा भार पायावर येतो. कच्च्या भिंतीवर हा भार वाढवीत गेल्यास प्रथम बारीक चीर पडते, आणि तीहि न जुमानल्यास हाड दुभंगतें.

विसाव्या शतकांत हें दुखणें छावणींतून क्रीडांगणावर आलें. इंग्लंडमध्यें डेव्हास व स्वीटनम यांनीं १९५६ सालीं खेळाडूंच्या पायाच्या बाहेरील बारीक हाडाच्या अशा पन्नास भंगांचा आढावा प्रसिद्ध केला. धांवणाऱ्यांची नडगी दुखते ती पुष्कळदां केवळ स्नायूंच्या थकव्यानें नव्हे, तर हाडाच्या चिरेमुळें, हें डेव्हास यांनीं १९५८ सालीं दाखवून दिलें.

आज हें ज्ञान घरोघरीं पोंचणें अगत्याचें झालें आहे. मुंबईची मॅरेथॉन २००४ सालीं सुरू झाली, आणि कचेरींत दिवसभर बसणारीं माणसेंहि पहांटे धांवूं लागलीं. बोट ठेवून दाखवितां येईल अशा एकाच जागीं हाड दुखणें, धांवतांना दुखणें वाढणें आणि पुढें विश्रांतींतहि तें न थांबणें, हीं धोक्याचीं लक्षणें होत. पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरण-चित्रांत चीर पुष्कळदां दिसत नाहीं. म्हणून चित्र स्वच्छ आलें एवढ्यावरून निर्धास्त होऊं नये. एमआरआय तपासणींत ती लवकर कळते. बहुतेक चिरा सहा ते आठ आठवडे धांवणें बंद ठेवल्यानें भरून येतात. परंतु जांघेंत दुखूं लागल्यास क्षणाचाहि विलंब करूं नये. खुब्याच्या हाडाची चीर सरकली तर शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नसतें आणि कधीं कधीं पाय जन्माचा अधू होतो.

प्रतिबंधाचा मार्ग सरळ आहे. अंतर आणि वेग एकदम वाढवूं नयेत, दोन श्रमांमध्यें विश्रांति असावी आणि पोटभर, सकस अन्न घ्यावें. आहार तोकडा पडला कीं हाडें दुबळीं होतात. धांवणाऱ्या स्त्रीची मासिक पाळी बंद पडणें ही त्याचीच सूचना असते, ती कौतुकाची गोष्ट नव्हे.

सुश्रुतसंहितेंत व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीनेंच करावा असें सांगितलें आहे. मोडलेला हात बरा होऊं लागला म्हणजे प्रथम मातीचा गोळा, मग मिठाचा खडा आणि बळ आल्यावर दगड धरावा, असा क्रमहि तेथें आहे. भार हळूहळू वाढवावा, हें सूत्र इतकें जुनें आहे. प्रशियाच्या शिपायाला कूच थांबविण्याची मुभा नव्हती. हौसेनें धांवणाऱ्याला ती आहे. आणि दुखरा पाय कांहीं सांगूं लागला असतां थांबण्यांत कमीपणा नाहीं.