ओट्यावरचा उजेड

न्यू जर्सीतल्या एडिसन गावात क्रिस्टी स्ट्रीटवर एक उंच मनोरा आहे. ओक ट्री रोडवर भाजी आणि मिठाई घ्यायला येणाऱ्या आपल्या लोकांपैकी फार थोडे तिथवर जातात. मनोऱ्याच्या डोक्यावर एक भला मोठा काचेचा बल्ब बसवलेला आहे. या जागी, म्हणजे तेव्हाच्या मेन्लो पार्कमध्ये, थॉमस एडिसनची प्रयोगशाळा होती. ३१ डिसेंबर १८७९ च्या रात्री त्याने आपले विजेचे दिवे लोकांना दाखवले. ते बघायला न्यूयॉर्कहून खास आगगाड्या सोडल्या होत्या.

या मनोऱ्यापासून माझं घर गाडीने दहा मिनिटांवर आहे. तरी माझ्या स्वयंपाकघरात पुरेसा उजेड नाही हे कळायला मला अठरा वर्षं लागली.

ते कळलं आई इकडे आली तेव्हा. छताच्या मधोमध चार नळ्यांची फ्लोरोसंट पेटी होती, घर घेतलं तेव्हापासूनची. आई ओट्यापाशी कोथिंबीर चिरत होती आणि पुन्हापुन्हा सुरी खाली ठेवून डोळे बारीक करत होती. मी म्हटलं, "अगं, एवढा लख्ख उजेड आहे की!" ती म्हणाली, "उजेड घरभर आहे रे, माझ्या हातावर तेवढा नाही." मी तिच्या जागी जाऊन उभा राहिलो. दिवा पाठीमागे, मी मध्ये आणि माझी सावली बरोबर चॉपिंग बोर्डवर. बायको मागून शांतपणे म्हणाली, "मी हे दोनदा सांगितलं होतं."

त्या दिवसापासून मी दिव्यांचा इतिहास वाचायला लागलो. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. घरात नवा उजेड आला की तो आधी बाहेरच्या खोलीत आला, आणि स्वयंपाकघराची पाळी नेहमी शेवटी.

आपल्या जुन्या घरांपासूनच बघा. ओटी, माजघर आणि मागे स्वयंपाकघर. चुलीचा धूर, काळ्या पडलेल्या भिंती, एखादा झरोका. दिव्याला तेल करडईचं, एरंडीचं, कोकणात उंडीचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी परदेशी कंपन्यांचे डबे गावोगाव पोचले आणि इंग्रजांच्या 'रॉक ऑइल'चं आपल्याकडे 'रॉकेल' झालं. रॉकेलने रात्री मोठ्या केल्या, पण त्यातही पायऱ्या होत्या. काचेचा कंदील ओटीवर, जिथे पुरुष बसत, पाहुणे येत, मुलं अभ्यास करत. चुलीपाशी मात्र चिमणी, म्हणजे बिनकाचेची, काजळी ओकणारी वात. तिचा उजेड फार तर एका मेणबत्तीएवढा. आजच्या मोजमापात मेणबत्ती म्हणजे १२-१३ लुमेन, आणि साधा घरगुती एलईडी बल्ब ८०० लुमेनचा असतो. आता हिशेब तुम्हीच करा.

आईचं माहेर कराडजवळचं. शेजारच्या ओगलेवाडीत ओगले ग्लास वर्क्सचा कारखाना होता आणि तिथला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रभर जात असे. कंदील गावात तयार होत असूनही आजीच्या चुलीपाशी चिमणीच होती, असं आई सांगते. कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेने पुसायचं काम मात्र आईकडे.

वीज आली तेव्हाही हीच गत. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. त्याच वर्षी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. म्हणजे भाजी विकतात तिथे वीज १८८२ मध्ये पोचली. भाजी शिजते तिथे पोचायला तिला कितीतरी दशकं लागली. १९१५ मध्ये लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरचं पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी वीज तयार केली, ती मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी. महाराष्ट्राचं वीज मंडळ १९६० चं. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने गरीब घरांसाठी 'कुटीर ज्योती' योजना काढली. तिच्यात घराला मिळत असे एकच दिवा. एकच दिवा असेल तर तो कुठल्या खोलीत टांगला जातो, हे सांगायला नको.

अमेरिकेची गोष्टही फार वेगळी नव्हती. १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी संस्था स्थापन झाली, तेव्हा शहरांत घरोघर वीज होती, पण दहापैकी नऊ शेतघरांत नव्हती. एडिसनच्या दिव्याला ५६ वर्षं झाल्यानंतरची ही स्थिती!

दिवा नेमका कुठे पडावा, हा प्रश्न ज्यांनी गंभीरपणे घेतला त्यांत व्हिएन्नाची वास्तुरचनाकार मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की हिचं नाव मला महत्त्वाचं वाटतं. १९२६ मध्ये तिने फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी. तिथे छताला एक पट्टी होती आणि दिवा त्या पट्टीवरून सरकवता येत असे. बाई जिथे काम करत असेल तिथे दिवा न्यायचा. साधी युक्ती, पण ती पुढे विसरली गेली. १९३८ मध्ये अमेरिकेच्या बाजारात फ्लोरोसंट नळ्या आल्या. भरपूर आणि स्वस्त उजेड मिळाला, म्हणून सगळ्यांनी त्या छताच्या मधोमध ठोकल्या. आपल्याकडे ट्यूबलाइट भिंतीवर गेली, तीही बहुधा ओट्यासमोरच्या भिंतीवर, म्हणजे पुन्हा पाठीमागे.

एलईडी आला तो या सगळ्यानंतर. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी बनवला. त्याचा उपयोग कॅल्क्युलेटरच्या आकड्यांना आणि रेडिओच्या ठिपक्याला. घर उजळायला पांढरा प्रकाश हवा, त्यासाठी निळा एलईडी हवा, आणि तोच तीस वर्षं कोणाला नीट जमेना. गॅलियम नायट्राइडचा चांगला स्फटिक वाढत नव्हता. नागोयात इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो, तर शिकोकू बेटावरच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा चिकाटीने लागून राहिले. १९९३ मध्ये निचियाने प्रखर निळा एलईडी जाहीर केला. २०१४ मध्ये तिघांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं.

इथे थोडं थांबा, कारण तुमच्या हळदीचा यात संबंध आहे. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो. निळ्या दिव्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप असतो, आणि निळं-पिवळं मिळून डोळ्याला पांढरं भासतं. स्वस्त दिव्यात लाल रंगाचा वाटा तोकडा पडतो. मग तिखट विटकरी दिसतं, टोमॅटो मरगळलेला दिसतो आणि फोडणीतलं जिरं तांबूस झालं की करपलं ते कळत नाही. म्हणून खोक्यावर 'सीआरआय' बघा. ९० च्या वर असेल तर घ्या. त्यातच 'आर नाइन' नावाचा लाल रंगाचा वेगळा आकडा असतो. कॅलिफोर्नियाच्या बांधकाम नियमांत उत्तम दिव्यांसाठी सीआरआय किमान ९० आणि आर नाइन किमान ५० मागितला आहे. तुम्ही कुठेही राहत असलात तरी ही कसोटी चांगली.

दुसरा आकडा केल्विनचा. २७०० म्हणजे जुन्या बल्बचा पिवळसर उजेड, ४००० म्हणजे स्वच्छ पांढरा, ६५०० म्हणजे आपल्या ट्यूबलाइटचा निळसर. मी तीन बल्ब आणले आणि एका ताटलीत हळद, तिखट, कोथिंबीर ठेवून आईला विचारलं. तिने ३००० निवडला. तुमची निवड वेगळी असू शकेल, पण ती दुकानात न करता घरच्या ओट्यावर करा. आणि वॅट विसरा, लुमेन बघा. जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका उजेड, म्हणजे सुमारे ८०० लुमेन, आता ८-१० वॅटमध्ये मिळतो.

पण सगळ्यांत महत्त्वाची ती जागा. वरच्या कपाटांच्या तळाला एलईडीची पट्टी लावा, आणि ती भिंतीकडे न लावता कपाटाच्या पुढच्या कडेला लावा. मग उजेड तुमच्या आणि भाजीच्या मध्ये पडतो, सावली मागे जाते. पट्टी ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवून वर दुधी झाकण घाला, नाहीतर गुळगुळीत ग्रॅनाइटमध्ये प्रत्येक ठिपका वेगळा चमकतो. पट्टी लांब असेल तर १२ व्होल्टऐवजी २४ व्होल्टची घ्या, शेवटच्या टोकाला उजेड कमी पडत नाही. छतातल्या पेटीच्या जागी मी चार खोलगट दिवे घेतले, तेही ओट्याच्या कडेवर येतील असे. वर माळ्याचं इन्शुलेशन असेल तर त्याला चालणारेच दिवे मागा. भिंतीतलं वायरिंग बदलायचं असेल तर आधी टाउनशिपमध्ये परमिटची चौकशी करा, परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा आणि मुख्य स्विच बंद केल्याशिवाय कशाला हात लावू नका. काढलेल्या नळ्यांत पारा असतो, त्या कचऱ्यात टाकू नका.

माझी एक चूक सांगतो. पैसे वाचवायला मी जुना डिमर तसाच ठेवला. दिवे लुकलुकायला लागले, वर बारीक गुणगुण. मी दिव्यांना दोष देत बसलो. खरं कारण वेगळं होतं. तो डिमर शेकडो वॅटच्या जुन्या बल्बांसाठी होता आणि माझे सगळे दिवे मिळून पन्नास वॅटसुद्धा नव्हते. एलईडीसाठी बनवलेला डिमर लावला आणि सगळं शांत झालं.

आता शेवटची गोष्ट, आणि हीच मला मुख्य सांगायची होती. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. आपण इथे आलो तेव्हा पंचविशीत होतो. आता आपणही त्या वयाकडे निघालो आहोत, आणि आपल्या आया तर कधीच तिथे पोचल्या आहेत.

भारतात २०१५ च्या 'उजाला' योजनेपासून ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. सरकार ज्या भावाने बल्ब घेत होतं तो २०१४ च्या सुरुवातीच्या ३१० रुपयांवरून दोन वर्षांत ३८ रुपयांवर आला. म्हणजे उजेड आता कोणाला महाग नाही. तरी मागच्या डिसेंबरात कराडला गेलो तेव्हा आईच्या स्वयंपाकघरात दिवा समोरच्या भिंतीवर, तिच्या पाठीमागेच होता. नळी बदलून एलईडीची झाली होती, जागा मात्र चाळीस वर्षांपूर्वीची. बाहेरच्या खोलीत तीन दिवे होते.

मी तिथल्याच दुकानातून एक पट्टी आणली. इथली नेऊ नका; इथे १२० व्होल्ट, तिथे २३०, आणि बल्ब न्याल तर इथला आट्यांचा, तिथला बहुधा पिनचा. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने तासाभरात ती मांडणीखाली बसवली. खर्च इथल्या एका पिझ्झाएवढा. आईने दिवा लावला, विळी बाजूला सारून ओट्यावर तांदूळ पसरले आणि चष्मा न चढवता खडे वेचायला लागली.

पुढच्या खेपेला तुम्ही घरी जाल तेव्हा बॅगेत चॉकलेटं आणि बदाम असतीलच. त्याआधी आज रात्री आपल्या ओट्यापाशी उभे राहा आणि सावली कुठे पडते ते बघा. मग तिकडे गेल्यावर आईच्या ओट्यापाशीही तसंच उभे राहा.